व्हीटमध्ये चालणारी इम्पोर्टची ओळ नोडमध्ये का पडते? एक्स्टेन्शन लिहायचं की नाही?

द्राक्षबाग (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी.

कॉलेज रोडला आमची तिघांची टीम आहे. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसचं काम २०१९ पासून आमच्याकडे आहे. माल कुठल्या प्लॉटचा, शेवटची फवारणी कधीची, पेट्या किती भरल्या, कुठल्या कंटेनरमध्ये गेल्या, हे सगळं त्या ॲपमध्ये भरलं जातं. ॲप रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर आहे, सुरुवात 'क्रिएट रिॲक्ट ॲप' या तयार सांगाड्याने केली होती. नव्या कामासाठी ते वापरू नका असं रिॲक्टच्या टीमनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं, म्हणून व्हीट या (फाइली जोडून ॲप तयार करणाऱ्या) टूलवर जायचं ठरवलं. ऑक्टोबर छाटणी उरकलीय. जानेवारीत खुडा सुरू झाला की या कोडला हात लावता येणार नाही, त्यामुळे जे करायचं ते आताच.

पहिल्याच दिवशी व्हीट म्हणाला की फाइल वाचता येत नाही, आत जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली एचटीएमएलसारखी मांडणी) असेल तर नाव जेएसएक्स किंवा टीएसएक्स करा. आमच्या सगळ्या फाइली साध्या 'डॉट जेएस' होत्या आणि सहा वर्षं तशाच चालत होत्या. बसून सगळ्यांची नावं बदलली. माझ्या मॅकवर ॲप उघडलं. लिनक्स सर्व्हरवर बिल्ड चालवला तर 'पेटीयादी' सापडत नाही म्हणून थांबला. फाइल जागेवर आहे, मी तिथे जाऊन पाहिली.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. वजनाचा आणि औषधांच्या अवशेषांचा हिशोब आम्ही 'समाईक' नावाच्या पॅकेजमध्ये टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप जोडलेल्या जावास्क्रिप्टमध्ये) लिहिलाय. तो ब्राउझरमध्येही लागतो आणि नोडवरच्या (नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सर्व्हरलाही लागतो. त्यात './वजन' असं इम्पोर्ट, म्हणजे दुसरी फाइल आत घ्यायची ओळ, आहे. एडिटरची तक्रार नाही, व्हीटची नाही, टाइपस्क्रिप्टचीही नाही. नोड मात्र 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणतो. कुणीतरी सांगितलं म्हणून './वजन.जेएस' लिहिलं आणि नोड चालला. पण फाइल तर 'वजन.टीएस' आहे! फोल्डरमध्ये नसलेल्या फाइलीचं नाव लिहायचं आणि ते चालायचं, हे मला पटत नाहीये. कारण समजल्याशिवाय पुढे जायची इच्छा नाही.

(कोड इथे देवनागरीत लिहितोय, मूळ फाइलींची नावं रोमनमध्ये आहेत.)

गोदाकाठ (सोमवार, रात्री ११:२५)

द्राक्षबाग, कारण विचारलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण 'डॉट जेएस' लावून मोकळे होतात आणि पुढच्या महिन्यात त्याच खड्ड्यात पडतात.

तुमची ती एक ओळ निदान चार जण वाचतात: एडिटरमागचं टाइपस्क्रिप्ट, व्हीट, नोड, आणि टेस्ट लिहिल्या असतील तर त्या चालवणारं जेस्ट. फाइल कशी शोधायची याचे नियम चौघांचे वेगवेगळे आहेत. जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाणित व्याख्येत इम्पोर्ट कसं लिहायचं ते आहे, पण त्या अवतरणचिन्हांतल्या मजकुरावरून फाइल कशी गाठायची हे ज्याच्या त्याच्यावर सोडलंय. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

नोडची जुनी पद्धत म्हणजे कॉमनजेएस, दुसरी फाइल 'रिक्वायर'ने आत घ्यायची. तिथे './वजन' लिहिलं की नोड आधी नेमकी तीच फाइल बघतो, मग 'डॉट जेएस' लावून, मग 'डॉट जेसन', मग 'डॉट नोड'. तरी नाही मिळाली तर त्या नावाचा फोल्डर आहे का बघतो आणि आतली 'इंडेक्स डॉट जेएस' उचलतो. आपल्या सगळ्यांना एक्स्टेन्शन न लिहायची सवय लागली ती यामुळे.

नव्या पद्धतीत, म्हणजे ईएस मॉड्यूलमध्ये, नोड काहीही अंदाज करत नाही. लिहिलंय तेच नाव, तीच फाइल. एक्स्टेन्शन राहिलं तर 'मॉड्यूल नॉट फाउंड', फोल्डरचं नाव दिलं तर 'अनसपोर्टेड डिर इम्पोर्ट'. हा हट्ट नाही. ईएस मॉड्यूल ब्राउझरमध्येही जसंच्या तसं चालायला हवं, आणि ब्राउझरसाठी तो मजकूर म्हणजे पत्ता असतो. डिस्कवर चार नावं लावून बघायला काही लागत नाही. नेटवर्कवर प्रत्येक अंदाज म्हणजे सर्व्हरला एक नवी विनंती. शेकडो मॉड्यूल, आणि प्रत्येकासाठी तीन-चार फुकट फेऱ्या. ते शक्यच नव्हतं.

नोड बनवणाऱ्या रायन डाल यांनी २०१८ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये 'नोडबद्दल मला पश्चात्ताप होणाऱ्या दहा गोष्टी' या नावाचं भाषण दिलं. रिक्वायरमध्ये एक्स्टेन्शन गाळायची मुभा आणि 'इंडेक्स डॉट जेएस' या दोन्ही त्या यादीत होत्या. नोडसारख्याच त्यांच्या डेनोमध्ये सुरुवातीपासून पूर्ण नाव लिहावं लागतं.

तुमच्या 'समाईक'च्या पॅकेज डॉट जेसनमध्ये (पॅकेजच्या माहितीच्या फाइलीत) 'टाइप: मॉड्यूल' आहे ना?

द्राक्षबाग (सोमवार, रात्री ११:३८)

हो, आहे.

गोदाकाठ (सोमवार, रात्री ११:५२)

मग नोडचं बरोबर आहे. 'टाइप: मॉड्यूल' असेल तर त्या पॅकेजमधली प्रत्येक 'डॉट जेएस' फाइल ईएस मॉड्यूल. ती ओळ नसेल तर नोड आजही आधी कॉमनजेएस धरून बघतो. 'डॉट एमजेएस' कायम ईएस, 'डॉट सीजेएस' कायम कॉमनजेएस, मग पॅकेजमध्ये काहीही लिहिलेलं असो. म्हणून 'टाइप: मॉड्यूल' केल्यावर एखादी जुनी कॉन्फिग फाइल रिक्वायर वापरत असेल तर तिचं नाव 'सीजेएस' करायचं, आतला कोड तसाच राहू द्यायचा.

आणि 'समाईक'च्या टीएसकॉन्फिगमध्ये (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलीत) मॉड्यूल रिझोल्यूशन, म्हणजे इम्पोर्टची फाइल शोधायची पद्धत, काय ठेवलंय ते सकाळी सांगा. मला वाटतं 'बंडलर' असणार.

पांडवलेणी (मंगळवार, सकाळी ६:५०)

नसलेल्या फाइलीचं नाव का लिहायचं, हा प्रश्न माझ्या वर्गात दर सहामाहीला येतो, म्हणून त्याला नीट उत्तर देते.

टाइपस्क्रिप्ट कंपायलर तुमच्या 'वजन.टीएस'पासून 'वजन.जेएस' तयार करतो. तयार करताना तो टाइप काढून टाकतो, पण इम्पोर्टच्या अवतरणचिन्हांतला मजकूर बदलत नाही. हे त्यांनी मुद्दाम ठरवलंय. तुम्ही './वजन' लिहिलंत तर बाहेर आलेल्या फाइलीतही './वजन'च राहतं, आणि ती फाइल वाचणारा नोड म्हणतो की या नावाचं इथे काही नाही. कंपाइल झाल्यावर जे नाव असणार आहे ते आधीच लिहायचं, असा तो नियम. टाइपस्क्रिप्टला हे ठाऊक असतं. './वजन.जेएस' दिसलं की तो शेजारी 'वजन.टीएस' शोधतो आणि टाइप तिथून घेतो. तुम्ही लिहिता ते उद्याच्या फाइलीचं नाव, आणि वाचणारा नोड उद्याचाच असतो.

आता 'बंडलर'बद्दल. बंडलर म्हणजे व्हीटसारखं, सगळ्या फाइली जोडून देणारं टूल. टीएसकॉन्फिगमधली ही सेटिंग म्हणजे टाइपस्क्रिप्टला दिलेला शब्द आहे: 'माझा कोड थेट नोडवर जाणार नाही, मध्ये बंडलर आहे, एक्स्टेन्शन नसलं तरी तो शोधून घेईल.' मार्च २०२३ मधल्या ५.० आवृत्तीत ती आली. त्याआधी मे २०२२ मधल्या ४.७ मध्ये 'नोड१६' आणि 'नोडनेक्स्ट' आल्या, त्या नोडच्या खऱ्या नियमांनी तपासतात. एक्स्टेन्शन विसरलात तर एडिटरमध्येच लाल रेघ दिसते. 'समाईक' थेट नोडवर चालवताय आणि सेटिंग 'बंडलर' असेल, तर टाइपस्क्रिप्टला चुकीचा शब्द दिला गेलाय. त्याने विश्वास ठेवला आणि चूक सर्व्हरपर्यंत पोचली.

ब्राउझरच्या ॲपला 'बंडलर' ठेवा, 'समाईक'ला 'नोडनेक्स्ट'. कडक नियमांनी लिहिलेला कोड व्हीटलाही चालतो. उलट होत नाही.

जेएसएक्सचं कारण सोपं आहे. जुन्या मांडणीत बेबल हा कोडचं रूपांतर करणारा प्रोग्राम प्रत्येक 'डॉट जेएस' फाइल जेएसएक्स असेल असं धरून वाचायचा. व्हीट एक्स्टेन्शनवरून ठरवतो की ही फाइल कशी वाचायची. सेटिंग बदलून जुनी सवय चालू ठेवता येते, पण तुम्ही नावं बदललीत तेच चांगलं.

सातपूरकर (मंगळवार, सकाळी ९:१५)

'पेटीयादी'चं मी सांगतो. इम्पोर्टमध्ये पहिलं अक्षर कॅपिटल असेल आणि फाइलीचं स्मॉल, किंवा उलट. देवनागरीत हा भेद नाही म्हणून इथे लिहून दाखवता येत नाही. मॅक आणि विंडोज नेहमीच्या मांडणीत लहान-मोठं अक्षर एकच धरतात, लिनक्स धरत नाही. क्रिएट रिॲक्ट ॲपमध्ये हे पकडणारं एक प्लगइन आतच बसवलेलं होतं, डेव्ह सर्व्हर चालू असतानाच ते ओरडायचं. तुमच्या नकळत कुणीतरी राखण करत होतं. व्हीटवर गेलात आणि ती राखण गेली.

नावं बदलताना एडिटरमधून बदलली असतील तर गिटलाही (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूललाही) कळलेलं नसतं. मॅक-विंडोजवर गिटची 'इग्नोर केस' सेटिंग चालू असते. स्थानिक डिस्कवर नवं नाव, रेपोत (गिटच्या साठ्यात) जुनं. 'गिट एमव्ही'ने बदला. फोल्डरचं नाव असेल तर दोन टप्प्यांत करा, आधी भलतंच नाव द्या, मग हवं ते.

द्राक्षबाग (मंगळवार, सकाळी ११:०५)

सातपूरकर, अगदी तेच. रेपोत स्मॉल, माझ्याकडे कॅपिटल. अशा अकरा फाइली निघाल्या. बिल्ड पुढे गेला. मनापासून आभार.

पांडवलेणी ताई, सेटिंग 'बंडलर'च होती. 'नोडनेक्स्ट' केल्याबरोबर एका मिनिटात चौतीस लाल रेघा आल्या. या सगळ्या सर्व्हरवर एकेक करून पडल्या असत्या.

कांदेबाजार (मंगळवार, दुपारी १:३०)

मी शिकाऊ आहे, लासलगावहून अपडाउन करतो, चुकलं तर सांगा. चौतीस ठिकाणी बदलण्यापेक्षा नोडला एक फ्लॅग (सुरू करतानाचा पर्याय) द्यायचा असतो ना? स्पेसिफायर रिझोल्यूशनचा. तो दिला की नोड एक्स्टेन्शन स्वतः लावतो असं एका जुन्या उत्तरात वाचलं.

गोदाकाठ (मंगळवार, दुपारी २:१०)

वाचलंस ते खरं होतं, पण तो फ्लॅग प्रायोगिक होता आणि नोड १९ मध्ये, ऑक्टोबर २०२२ ला, काढून टाकला. या विषयावर शोधताना उत्तराची तारीख आधी बघत जा. २०२० चं उत्तर आज बिनचूक दिसतं आणि चालत नाही.

तसंच एक उलटं उदाहरण. 'ईएस मॉड्यूल रिक्वायरने घेता येत नाही' हे आपण सगळे वर्षानुवर्षं घोकत आलो. नोड २२.१२ पासून, डिसेंबर २०२४, ते फ्लॅगशिवाय चालतं. त्या मॉड्यूलमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर अवेट (उत्तराची वाट बघायला लावणारा शब्द) नसावा, एवढीच मुख्य अट.

सातपूरकर (मंगळवार, दुपारी ४:४५)

एक्स्टेन्शन का लिहावं याचं माझ्याकडे एक वेगळंच कारण आहे आणि ते दोन दिवस घालवून मिळालंय.

अंबडच्या एका कारखान्यासाठी भट्ट्यांचं तापमान दाखवणारा डॅशबोर्ड करत होतो. 'तापमान.टीएस'मध्ये मर्यादा बदलली, सेव्ह केलं, पडद्यावर जुनीच मर्यादा. कॅशे साफ केली, नोड मॉड्यूल्स उडवून परत टाकले, मशीन बंद-चालू केलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोल्डर नीट बघितला तर 'तापमान.टीएस'च्या शेजारी 'तापमान.जेएस' बसलेली. टीममधल्या एकाने टाइप तपासायला टीएससी, म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, चालवलं होतं, 'नो एमिट' (फाइली तयार करू नको) न लावता. त्याने प्रत्येक टीएस फाइलीशेजारी एक जेएस फाइल टाकून ठेवली.

इम्पोर्ट होतं './तापमान', एक्स्टेन्शनशिवाय. व्हीटचा शोधायचा क्रम असा: एमजेएस, जेएस, एमटीएस, टीएस, जेएसएक्स, टीएसएक्स, जेसन. जेएस आधी, टीएस नंतर. त्याला शिळी फाइल मिळाली आणि ती त्याने प्रामाणिकपणे दाखवली. एडिटर मात्र टीएस आधी बघतो, त्यामुळे एडिटरमध्ये क्लिक केलं की नवी फाइल उघडायची. मी एक फाइल दुरुस्त करत होतो आणि चालत होती दुसरीच.

ईएसबिल्ड या बंडलरचा क्रम आणखी वेगळा: टीएसएक्स, टीएस, जेएसएक्स, जेएस, सीएसएस, जेसन. वेबपॅक ५ हा बंडलर आपणहून फक्त जेएस, जेसन आणि वाझ्म बघतो, टीएस तुम्हाला सांगावं लागतं. तोच फोल्डर, तीच ओळ, आणि टूल बदललं की वेगळी फाइल. भट्टीच्या मर्यादेसारख्या गोष्टीत मला हे अजिबात नको आहे. तेव्हापासून मी अंदाजावर काही ठेवत नाही.

द्राक्षबाग, तुमच्याकडे अजून कुठे वेबपॅक आहे का? असेल तर './वजन.जेएस' लिहिल्यावर तो खरोखरच जेएस शोधेल. 'रिझॉल्व्ह'मध्ये 'एक्स्टेन्शन अलायस' देऊन सांगावं लागतं की जेएस मागितलं तर आधी टीएस बघ, मग जेएस. व्हीट आणि ईएसबिल्ड, मागणारी फाइल टाइपस्क्रिप्टची असेल तर, हे स्वतःहून करतात.

द्राक्षबाग (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

आहे! पॅकहाउसच्या काट्याजवळ लेबल छापायचं एक छोटं पान अजून वेबपॅक ५ वर आहे. त्यात 'फुली स्पेसिफाइड' असा काहीतरी ब्रेकिंग चेंजचा संदेश येतो, आणि तोही एका तिसऱ्याच पॅकेजच्या नावाने. माझ्या कोडमध्ये काही नाही.

सातपूरकर (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

त्या पॅकेजने 'टाइप: मॉड्यूल' लिहिलंय किंवा आत एमजेएस फाइली आहेत, पण इम्पोर्ट अर्धवट, एक्स्टेन्शनशिवाय लिहिलेत. अशा फाइलींच्या बाबतीत वेबपॅक ५ नोडइतकाच कडक होतो. चूक त्या पॅकेजची आहे. नवी आवृत्ती असेल तर घ्या. नसेल तर वेबपॅकच्या मॉड्यूल नियमात त्या फाइलींपुरतं 'फुली स्पेसिफाइड: फॉल्स' करा. स्वतःच्या कोडला ती सूट देऊ नका.

निफाडची_थंडी (मंगळवार, रात्री ९:०५)

टेस्टचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. 'वजन.जेएस' केल्यावर जेस्टच्या टेस्ट पडतील, कारण जेस्टही जेएस फाइल खरोखर शोधतो. 'मॉड्यूल नेम मॅपर'मध्ये एक नियम घाला: एका किंवा दोन टिंबांनी सुरू होणारा आणि 'डॉट जेएस'ने संपणारा रस्ता दिसला की शेवटचं 'डॉट जेएस' काढून टाक. मग जेस्ट आपल्या यादीतून टीएस शोधून काढतो. व्हीटवर आलातच तर जेस्टऐवजी व्हीटेस्ट घ्या, तो व्हीटचेच नियम वापरतो आणि शोधणाऱ्यांमधला एक गडी कमी होतो.

पांडवलेणी (बुधवार, सकाळी ७:००)

काल जे सांगितलं त्याला आज एक पुरवणी जोडते, कारण अलीकडे चित्र बदललंय. नोड २२.१८ पासून नोड टाइपस्क्रिप्टची फाइल थेट चालवतो, टाइप गाळून. तिथे फाइल टीएसच राहते, म्हणून इम्पोर्टमध्येही './वजन.टीएस' असंच लिहावं लागतं. टाइपस्क्रिप्ट ५.७ मध्ये, नोव्हेंबर २०२४, 'रिराइट रिलेटिव्ह इम्पोर्ट एक्स्टेन्शन्स' ही सेटिंगही आली. ती लावली की कंपाइल करताना टीएसचं जेएस होतं. काल मी म्हटलं की कंपायलर तो मजकूर बदलत नाही, त्याला हा एक अपवाद झाला, तोही तुम्ही मागितलात तरच.

माझं मत विचाराल तर नव्या कोडमध्ये 'डॉट टीएस' लिहा. डिस्कवर आहे तेच नाव ओळीत दिसतं. नवख्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही, आणि द्राक्षबागच्या मनात आलेला प्रश्न मुळात उरतच नाही.

गोदाकाठ (बुधवार, सकाळी १०:३०)

ताई, शिकवायला ते सोपं आहे हे मान्य. पण यांच्यासाठी मी आत्ता 'डॉट जेएस'च सांगेन. नोड मॉड्यूल्सच्या आतल्या फाइलींचे टाइप नोड गाळत नाही, सरळ नकार देतो. 'समाईक' आज वर्कस्पेसमधून (एकाच रेपोतल्या शेजारच्या फोल्डरमधून) जोडलेलं आहे म्हणून त्याचा खरा पत्ता बाहेरचा आहे आणि चालून जाईल. उद्या ते पॅकेज म्हणून दुसऱ्या प्रकल्पात इन्स्टॉल केलं की पडेल. शिवाय इनम (ठरावीक पर्यायांच्या याद्या) असतील तर नुसतं टाइप गाळून भागत नाही, कारण इनममधून खरा कोड तयार व्हावा लागतो. आणि ती रिराइट सेटिंग फक्त टिंबाने सुरू होणाऱ्या रस्त्यांना लागू होते, तुम्ही स्वतः ठरवलेल्या टोपणनावांना नाही. सीझनच्या तोंडावर जुनं, सगळीकडे तपासलेलं तेच धरावं.

पांडवलेणी (बुधवार, सकाळी १०:५५)

इनमचा मुद्दा खरा आहे. पॅकेज बाहेर द्यायचं असेल तर जेएस. फक्त सर्व्हरवर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टांना मी टीएसच म्हणेन.

द्राक्षबाग (बुधवार, दुपारी १२:१५)

आमच्याकडे इनम भरपूर आहेत, द्राक्षाच्या जाती, पेटीचे प्रकार, सगळे इनमच. म्हणजे जेएस ठरलं. चौतीसच्या चौतीस बदलून झाले, नोड सुरू झाला. आता 'समाईक'च्या पॅकेज डॉट जेसनमधल्या 'एक्स्पोर्ट्स'मध्ये (बाहेरच्यांना काय मिळेल त्या यादीत) काय लिहू? आत्ता फक्त 'मेन' आहे.

गोदाकाठ (बुधवार, दुपारी १:००)

'एक्स्पोर्ट्स' लिहिलंत की बाहेरच्यांसाठी तेच दार. त्यात नसलेल्या आतल्या फाइलीला कुणी हात लावला तर 'पॅकेज पाथ नॉट एक्स्पोर्टेड' येतं, त्यामुळे ब्राउझरचं ॲप 'समाईक'च्या आतलं थेट काही उचलत असेल तर ते आधी शोधा.

क्रम महत्त्वाचा. वरून खाली वाचत जातात आणि पहिली लागू होणारी अट घेतात. 'टाइप्स' सगळ्यात वर, 'डिफॉल्ट' सगळ्यात खाली. 'डिफॉल्ट' वर गेलं तर खालचं कुणी वाचतच नाही. 'मॉड्यूल' नावाचं जे फील्ड जुन्या पॅकेजांत दिसतं ते बंडलरवाल्यांची आपसातली रीत होती, नोडने ते कधीच पाहिलं नाही. तुम्हाला त्याची गरज नाही.

आणि 'इम्पोर्ट'ला एक बिल्ड, 'रिक्वायर'ला दुसरा, असं करू नका. एकाच प्रोसेसमध्ये पॅकेजच्या दोन प्रती चढतात. एकीत बनवलेली वस्तू दुसरीच्या 'इन्स्टन्स ऑफ' तपासणीत बसत नाही आणि कारण शोधताना माणूस थकून जातो. दोन्ही टोकं तुमचीच आहेत, ईएस एकच द्या.

कांदेबाजार (बुधवार, रात्री १०:१०)

माझं एक अडलंय. मी सराव म्हणून बंडलरशिवाय ब्राउझरमध्ये मॉड्यूल चालवतोय. संदेश येतो की जावास्क्रिप्ट मॉड्यूल अपेक्षित होतं पण सर्व्हरने 'टेक्स्ट एचटीएमएल' पाठवलं. माझी फाइल तर जेएस आहे.

गोदाकाठ (बुधवार, रात्री १०:३०)

तू इम्पोर्टमध्ये एक्स्टेन्शन लिहिलं नसणार. ब्राउझरने नेमका तोच पत्ता मागितला, तिथे काही नव्हतं, आणि तुझा सर्व्हर न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला इंडेक्सचं पान देतो. ब्राउझरला एचटीएमएल मिळालं, त्याने नाकारलं. ब्राउझर एक्स्टेन्शन बघतच नाही, सर्व्हरने सांगितलेला माइम प्रकार (मजकूर कसला आहे याची पाटी) बघतो. जावास्क्रिप्टसाठी 'टेक्स्ट जावास्क्रिप्ट' हाच प्रमाण, मे २०२२ च्या आरएफसी ९२३९ या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजाने ते पक्कं केलं. काही जुन्या सर्व्हरांना 'डॉट एमजेएस' ओळखीचं नसतं आणि ते भलताच प्रकार पाठवतात, म्हणून ब्राउझरकडे जाणाऱ्या फाइलीला मी साधं 'जेएस'च ठेवतो.

कांदेबाजार (गुरुवार, सकाळी ८:२०)

चाललं! पण आता 'शेतकऱ्यांसाठी.जेसन' ही मजकुराची फाइल सापडत नाही. एक्स्टेन्शन लिहिलंय, अक्षरं दहा वेळा ताडून पाहिली. फाइल मित्राने त्याच्या लॅपटॉपवर बनवून पाठवली होती.

पांडवलेणी (गुरुवार, सकाळी ८:५०)

हा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्यांनाच पडतो आणि त्याचं मूळ त्या 'ऱ्य'मध्ये आहे.

आपला अर्धा 'ऱ्' युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याचा क्रमांक ०९३१, आणि मग हलन्त. दोन, साधा 'र', त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त, आणि मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. तुझा कीबोर्ड एक लिहितो, मित्राचा दुसरा. विंडोज आणि लिनक्स नाव जसं आहे तसं ठेवतात, त्यामुळे त्यांच्या लेखी ही वेगळी नावं झाली. मॅक पहिले दोन एकच मानतो, कारण युनिकोडच्या प्रमाणीकरणात ते समान धरलेत. तिसरा तिथेही वेगळाच.

सगळ्यांना एनएफसी हे प्रमाणीकरण लावलं तरी पहिले दोनच एक होतील. मजकूर मराठीत असू दे, त्याचा मला आनंदच आहे. फाइलीचं नाव मात्र रोमनमध्ये, लहान अक्षरांत ठेव.

निफाडची_थंडी (गुरुवार, सकाळी ९:३०)

गेल्या वर्षी 'दऱ्या'च्या नावाची एक नकाशाची फाइल अशीच हरवली होती. कारण आज कळलं. ताई, धन्यवाद.

द्राक्षबाग (शनिवार, रात्री ८:००)

आज पिंपळगावला जाऊन आलो. ॲप व्हीटवर चढलं, सर्व्हर नोड २२ वर आहे, लेबलचं पान वेबपॅकवरच ठेवून 'एक्स्टेन्शन अलायस' लावलं. काट्याजवळच्या जुन्या विंडोज मशीनवर थॉमसन जातीच्या द्राक्षांची एक पेटी ठेवली, वजन नोंदलं गेलं, लेबल छापून आलं. ब्राउझरमधला आकडा आणि सर्व्हरवरचा आकडा एकच, कारण दोघेही आता एकाच 'वजन.टीएस'पासून बनलेला कोड वाचतायत.

प्रत्येक पुशला (रेपोत कोड पाठवला की) लिनक्सवर बिल्ड आणि 'नोडनेक्स्ट'ने टाइप तपासणी होईल अशी सोय केली. सोर्स फोल्डरमध्ये टीएसच्या शेजारी त्याच नावाची जेएस दिसली तर बिल्ड थांबेल, हे सातपूरकरांमुळे. आणि फाइलींच्या नावांत 'ऱ' शोधला, दोन निघाल्या.

रिझोल्यूशन कुठे अडकतंय हे बघायला टीएससीला 'ट्रेस रिझोल्यूशन' दिलं तर तो कुठकुठल्या नावांनी शोध घेतला ते ओळीने सांगतो, हे मला काल रात्री सापडलं. इथे कुणी लिहिलं नव्हतं म्हणून नोंदवतोय.